काकांच्या हातचा विहार

आमच्या वाडीतला जुना विहार पाडला त्याला तीन वर्षं झाली. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मी रत्नागिरीत हायस्कूलला चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माहेर राजापूरच्या बाजूला, आतल्या गावात. धर्मांतरानंतर काही वर्षांनी वाडीने तो विहार स्वतःच्या हातांनी बांधला. माझे थोरले काका गवंडी. गावाने ज्यांना कधी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्या बायाबापड्यांनी खाणीतून जांभ्याचे चिरे डोक्यावरून वाहून आणले. काकांनी एकेक चिरा असा तासून बसवला की सांध्यात नख शिरत नसे. खिडक्या त्यांनी मुद्दाम खाली ठेवल्या, जमिनीवर बसणाऱ्याच्या तोंडावर वारा यावा म्हणून. सकाळी पूर्वेच्या झरोक्यातून मूर्तीवर उजेड पडायचा. आत पाऊल टाकलं की भांडत आलेली बाईसुद्धा आवाज खाली आणायची. तिला कोणी गप्प बस म्हटलेलं नसायचं.

हे सगळं मे महिन्यातल्या एका सभेत संपलं. मुंबईहून वाडीचं मंडळ आलं होतं. अध्यक्ष माझा चुलतभाऊ, म्हणजे त्याच काकांचा मुलगा. विहार गळतो, लहान पडतो, लग्नाला माणसं मावत नाहीत, असं त्याने सांगितलं. मग मोबाईलवर नव्या इमारतीचं चित्र फिरवलं. वर फायबरचा घुमट, खाली चकचकीत लाद्या, सरकत्या काचेच्या खिडक्या, आणि मूर्तीमागे रंग बदलणारे दिवे.

मी उभी राहिले. मोठा हॉल हवा तर शेजारी मोकळी जागा आहे, तिथे बांधा, हा विहार दुरुस्त करा, असं म्हणाले. चुलतभावाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आक्का, जुनं तेवढं सगळं जपायचं असतं, तर आपल्या माणसांनी जुने देव कशाला सोडले असते?"

टाळ्या पडल्या. पाडायच्या ठरावाला सगळ्यांचे हात वर गेले आणि मी खाली बसले.

उत्तर परतीच्या एसटीत सुचलं, आणि संतापाने माझे कान तापले. आपल्या माणसांनी मान खाली घालायला लावणारं जे होतं, ते सोडलं. पण सुंदर काय आणि भिकार काय, हे ओळखणारी नजर त्यांनी सोडली नव्हती. उलट पहिल्यांदाच स्वतःचं काही बांधायला मिळालं, तेव्हा त्यांनी ती नजर सगळी त्यात ओतली. पोटापुरतं मिळालं की माणसाचं भागतं, असं मानणाऱ्यांनी आमच्या वाडीकडे बघावं. पोटापुरतं नव्हतं, तेव्हाही त्यांना झरोका हवा होता.

पाडायच्या दिवशी मी गेले होते. जेसीबीच्या दोन धक्क्यांत पूर्वेची भिंत खाली आली. चिरे पाणंदीच्या खड्ड्यांत भरायला नेले. माझ्या डोळ्यांदेखत.

नव्या विहाराच्या उद्घाटनाला चुलतभावाला बाजूला घेऊन मी ते उत्तर सुनावलं. तो चिडला नाही, याचाच मला जास्त राग आला.

म्हणाला, "बाबा गेल्यावर दर वैशाखात, पावसाआधी, विहाराची कौलं कोण परतत होतं, ठाऊक आहे? मी. मुंबईहून रजा काढून. तू पौर्णिमेला यायचीस, चित्रं काढायचीस आणि जायचीस. माझे गुडघे गेले, आक्का. दुसरं कोण चढणार होतं?"

ते खरं होतं. त्या विहाराच्या चित्रांनी मी वह्याच्या वह्या भरल्या होत्या, पण एकदाही कौल हातात घेतलं नव्हतं. सुंदर गोष्ट आपोआप टिकते, असं मी धरून चालले होते. माझा निम्मा राग त्या दिवसापासून माझ्यावरच आहे. उरलेला निम्मा त्याच्यावर. गुडघे गेले म्हणून माणूस हाताखाली दुसरा तयार करतो, बापाचं काम जेसीबीखाली घालत नाही.

नवा विहार गळत नाही. लग्नं होतात. म्हातारी माणसं खुर्चीवर बसतात आणि खूश असतात, हे मला नाकारता येत नाही. पण वंदना चालू असताना लोक फोनवर बोलतात, आणि बोलताना त्यांना काही वाटत नाही.

काकांच्या हातचा आता विहिरीचा कठडा तेवढा उरला आहे. तो काढून सिमेंटचा करायचा, असं यंदा मंडळात निघालं. ते कळलं, तशी मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावातला गवंडी घेऊन गेले. निसटलेले तीन चिरे बसवून घेतले, दिवसभर उन्हात उभी राहून. सभेची वाट बघितली नाही, कोणाला विचारलं नाही. शिमग्याच्या सुट्टीत आलेला चुलतभाऊ दुपारी येऊन बघून गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही.