संशयाच्या रकान्यातली बाई

डोंबिवली पूर्वेतली ती चोरी माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. तशी केस लहान. एका विधवा, निवृत्त शिक्षिकेच्या कपाटातून बांगड्या आणि गोफ गेले. मी तिथल्या पोलीस ठाण्यात तपास अधिकारी होतो.

फिर्याद देताना बाईंचा मुलगा शेजारी बसला होता. संशय कुणावर, असं विचारताच तोच बोलला, "कामवालीवर. अजून कोण येतं घरात?" तसं नोंदलं गेलं आणि संध्याकाळच्या अहवालातून वरही गेलं.

कामवाली शहाडहून यायची. महिला पोलीस सोबत घेऊन मी तिची सोसायटीतच चौकशी केली. तोवर इमारतीतल्या सगळ्या घरांनी तिला काम बंद करायला सांगितलं होतं. ती रडली नाही. म्हणाली, "सायेब, चोर नाय घावला तरी तुमचा पगार चालू ऱ्हाईल. मला आता दारात कोण उभं करंल?"

सोसायटीचे अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन ठेवून द्या साहेब, लगेच बोलेल."

"आधी कपाट तर बघू द्या," मी म्हणालो.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. यजमान गेल्यापासून बाईंनी मंगळसूत्र बांगड्यांच्याच डब्यात ठेवलं होतं. ते जागेवर होतं. बाहेरचा चोर असं निवडून नेत नाही. ते उचलताना ज्याचा हात अडतो, तो घरातलाच असतो, असा माझा अनुभव.

नाक्यावरच्या एका ओळखीच्या रिक्षावाल्याने माझी शंका पक्की केली. "त्या कामवालीच्या मागे कशाला लागलात साहेब? शिक्षिकाबाईंचा पोरगा माझ्याच रिक्षातनं सोनाराकडे गेलेला. पिशवी अशी धरून बसलेला, जसं काय आत मांजराचं पिल्लू आहे."

मुलाला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. चहा दिला आणि एकच विचारलं, "मंगळसूत्र का ठेवलंत?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ते कसं नेणार, साहेब?"

पंचनामा करून सोनाराकडून दागिने जप्त केले. आई म्हणाली, "आता हे वाढवू नका." पुढे कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली.

काही महिन्यांनी ठाणे शहरात वरिष्ठांची बैठक झाली. घरकाम करणाऱ्यांनी पोलिसांकडे नोंदणी करावी, असा नियम यायचा होता. अभ्यासासाठी एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. नियमाला आधार म्हणून आणलेल्या गुन्ह्यांत माझी केसही होती. मी उभा राहून खरा आरोपी कोण निघाला ते सांगितलं.

प्राध्यापक बाईंनी विचारलं, "मग ही केस अजून 'नोकरावर संशय' या रकान्यात कशी?"

"पहिल्या दिवशी जिथे टाकली तिथेच राहते, मॅडम."

त्यांनी लिहून घेतलं. वरिष्ठ म्हणाले, "एखादा अपवाद असतोच. पुढे चला."

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी छापील शब्दाचा आदर शिकवला, त्या शिक्षणावरच मी उभा राहिलो. नियम लिहिणारी माणसं सगळं वाचून लिहितात, हे मी कायम धरून चाललो होतो. त्या दिवशी कल्याणला घरी परतताना फार थकल्यासारखं वाटलं.

नियम निघाला. आमच्याच ठाण्यात नोंदणीच्या रांगेत ती शहाडची बाईही उभी होती. हातात फोटो. त्याच इमारतीतल्या एका घराने तिला परत ठेवलं होतं, पण नोंदणीच्या अटीवर.

"सायेब, तवा तुमीच होतात ना?"

"होतो."

"मंग वर सांगितलं नाय का?"

"सांगितलं."

तिने मान हलवली आणि फोटो पुढे केला. तो घेताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हे उघडकीस आणले. पण या केसने शिकवलं ते वेगळंच. तपास संशयापासून सुरू होतो आणि कधीतरी संपतो. नियम मात्र पुष्कळदा त्या पहिल्या संशयावरच उभा राहतो, आणि तो संशय खोटा निघाला का, हे तपासायला कुणाची नेमणूक झालेली नसते.