न म्हटलेला चौथा चरण

कोंडाजीला कोडं घालू नये, असं आमच्याकडे म्हणत. घातलंच, तर तो पुढचं ताट सारून त्याच्यामागे लागे आणि सुटलं की समोरच्याला बसवून फोड करून सांगे. मग ऐकणाऱ्याची गाडी चुको की गुरं तहानेली राहोत. खंडाळ्याच्या घाटात तो रेल्वेच्या गँगमध्ये होता, कार्ल्याजवळ त्याची आंबेमोहराची दोन खाचरं होती. पण त्याची खरी ओळख डफाची. तो तुऱ्याचा शाहीर होता आणि त्याच्यामागे तुणतुणं धरून मी उभा राही.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. जत्रेत शाहिरांचे दोन पक्ष, कलगीवाले आणि तुरेवाले, समोरासमोर उभे राहत. एकाने गाण्यातून कूट घालायचं, दुसऱ्याने सोडवायचं. नुसतं उत्तर चालत नसे. चरणातला शब्दन् शब्द कुठे बसतो ते दाखवावं लागे. एक जरी लोंबकळत राहिला तरी हार. कोंडाजी म्हणे, "कोड्यात जे मोटं दिसतं, तिकडं बगायचंच न्हाई. त्यो पडदा. बारका शब्द धरायचा." आणखी एक रीत होती. कूट आधी कानावरून गेलं असेल, तर 'ऐकीव' एवढं म्हणायचं. त्यात कमीपणा नव्हता. समोरचा हसून दुसरं घाली.

त्याची धाकटी बहीण झुंबर पवन मावळात दत्तोबाच्या घरी दिलेली. दत्तोबा म्हणजे कलगीचा जुना, मानाचा शाहीर. माहेरी आली की झुंबरला सासऱ्याचं किती कौतुक करू नि किती नको असं होई. एकदा चुलीपुढे बसून तिने भावाला त्याचं नवं कोरं कूट ऐकवलं:

आईला जाळली, राखेत लेकरं निजवली,
उठली तशी उपटून परक्या दारी नेली,
आई राहिली उघडी, कुणी पुसलं न्हाई,
लेकरांच्या हातचं गाव जेवत राही.

"कुणाला बोलू नगंस हां, दादा. मामंजींनी अजून भाईर काडलं न्हाई," ती म्हणाली.

कोंडाजी पुराणांत शिरला. जळालेली आई शोधून शोधून थकला. मग एका संध्याकाळी कामावरून परतताना डोंगरउतारावर राब भाजल्याचा धूर दिसला आणि त्याने कपाळावर हात मारला. आई म्हणजे राब! पालापाचोळा, शेण टाकून जाळलेली जमीन. त्या राखेत भात पेरायचं, रोपं वर आली की उपटून खाचरात लावायची, राब मागे उघडाच. कूट त्याने स्वतःच्या डोक्याने सोडवलं होतं, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे जे केलं त्याला मात्र माझ्याकडे बचाव नाही.

वडगावच्या जत्रेत दत्तोबाने डफावर थाप मारली आणि तेच कूट उचललं. कोंडाजीची मान ताठ झालेली मी मागून पाहिली. 'ऐकीव' एवढंच म्हणायचं होतं. पण अजून बाहेर न आलेलं कूट ऐकीव म्हटलं की लोक विचारणार, कुणाकडून? आणि झुंबर तर पलीकडे बायकांत, सासूला लागून बसलेली. 'सुटत नाही' म्हणून हार घ्यायची वाटही होती. हरणं मात्र त्याला सोसवत नसे.

तीन चरण म्हणून झाल्यावर दत्तोबा घोटभर पाणी प्यायला थांबला. तेवढ्यात आमचा शहाणा पुढे सरसावला. राब, राख, रोपं, खाचर, एकेक शब्द जागेवर बसवत गेला. लोकांनी फेटे उडवले. त्या भरात तो गाऊन गेला, "आनि गाव जेवतंय ते त्याच लेकरांच्या हातचं!"

दत्तोबाने तांब्या खाली ठेवला.

"चौथा चरण मी अजून म्हटला न्हाई, कोंडाजी."

लोक काही खुळे नव्हते. माना बायकांकडे वळल्या. झुंबरने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. घरातली गोष्ट माहेरी नेणारी सून म्हटल्यावर त्या घरात तिचं जन्मभर काय झालं असतं, ते सांगायला नको. सासू तिच्यापासून वीतभर सरकली. ते मी पाहिलं आणि दत्तोबानेही पाहिलं.

"खरं हाय," तो मोठ्याने म्हणाला. "सकाळी देवळापाशी मीच त्याला पुरं म्हनून दावलं व्हतं. म्हातारा झालो. ध्यानात राहिलं न्हाई." आणि त्याने डफ जमिनीवर ठेवला. म्हणजे हरला.

स्वतःचं कूट स्वतःच वाटत फिरणारा शाहीर! कलगीवाले तोंड लपवत उठले. त्यानंतर दत्तोबाला कुणी गायला बोलावलं नाही. मी तुणतुण्याने कोंडाजीला ढोसत होतो, 'हार माझी' एवढं तरी बोल म्हणून. तो खाली बघत उभा राहिला आणि जिंकल्याचा फेटा त्याने घेतला. परतताना तो फेटा काखेत धरून चालला होता. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो.

भातं कापून झाल्यावर तो मला घेऊन पवन मावळात गेला. दत्तोबा ओट्यावर सुंभ वळत होता. कोंडाजीने त्याचे पाय धरले.

"आबा, माजं चुकलं. मी चार लोकांत सांगतो."

"काय सांगनार? मीच म्हनून दावलं व्हतं."

"आबा, खोटं कशाला..."

"हळू बोल," दत्तोबा म्हणाला. "म्हातारी आत हाय. तिनं ते खरं मानलंय, म्हनून पोर सुखानं नांदतीया. तू बोलून मोकळा व्हशील, कोंडाजी. ती अडकंल."

झुंबर पाणी घेऊन आली. तांब्या तिने माझ्या हातात दिला, भावाकडे पाहिलं नाही. मागोमाग सासू बाहेर आली आणि तोंडभर हसली.

"आलं का जितलेलं शाईर! आमच्या म्हाताऱ्याला हरवून मिरवायला आलास, व्हय रं?"

झुंबर तिथेच उभी होती. कोंडाजीला हसावं लागलं.

"व्हय, मावशी," तो म्हणाला.