दिव्याखालचा झेंडू

झेंडू कुणालाही येतो, असं गावात सगळेच म्हणत. बी फेकावं आणि विसरून जावं. ज्वालामुखीच्या उतारावरच्या त्या गावात निम्मी शेतं झेंडूचीच होती, आणि तोमासाने उभ्या जन्मात एक रोप लावलं नव्हतं. ती तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, भाजून विकायची. घरापुरती फुलं तिचा नवरा फेरमीन लावायचा, मागच्या अंगाला, भिंतीआड. फेब्रुवारीत तो खोकत खोकत गेला. येत्या नोव्हेंबरात, मेलेली माणसं परततात त्या मृतांच्या सणाला तो पहिल्यांदाच पाहुणा म्हणून घरी येणार होता, आणि त्याला घर सापडावं म्हणून वाटेवर घालायच्या पाकळ्या घरच्याच हव्यात, विकतच्या नकोत, असं तिने मनाशी घट्ट धरलं.

जूनअखेर, सान हुआनच्या सणाला तिने त्याने आढ्याला टांगलेली वाळकी फुलं चुरून बी काढलं. मागच्या अंगाला मात्र तिचे पाय वळेनात. तिथे अजून त्याचा खोकला होता. म्हणून तिने पुढच्या अंगणातच, तव्यापाशी बसून दिसेल अशा जागी, फाटकापर्यंत वाफे ओढले.

फाटकाशी खांबावर एक विजेचा दिवा होता. तो इसाउरोसाठी. तिचा पोरगा उत्तरेकडे, सरहद्दीपलीकडे कामाला निघाला, वाळवंटाच्या अलीकडून त्याचा एक फोन आला, आणि मग कधीच काही आलं नाही. तेव्हापासून तो दिवा तिन्हीसांजेला लागायचा आणि उजाडल्यावर विझायचा. फेरमीनच्या मयतीच्या दिवशीही ती रडता रडता उठून तो लावून आली होती.

रोपं तरारली. उबाल्दाने दाखवलं तसे तिने शेंडे खुडले. ही शेजारीण इसाउरोची बाप्तिस्म्यातली आई, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. सप्टेंबरात झाडं छातीला लागली. काळसर हिरवी, आणि एक कळी नाही.

"कोमाद्रे, बकरी घेतेयस की काय?" उबाल्दाने फाटकातूनच विचारलं.

"का गं?"

"एवढा चारा लावलायस म्हणून म्हटलं."

"चेष्टा नको करूस. काय चुकलं ते सांग."

"शेणखत ओतलंयस घमेल्यांनी. लाडावून ठेवलंस त्यांना. झेंडूला हाल सोसावे लागतात, तेव्हा कुठे फुलतो. नवऱ्यासारखं आहे ते."

"माझ्या नवऱ्याचे कसले हाल झाले?"

"तुझ्या हातचा तिखटजाळ मोले खाल्ला की त्याने जन्मभर!"

तोमासा हसली. हसू अर्ध्यातच अडकलं.

तिने खत बंद केलं, पाणी तोडलं. काही फरक पडला नाही. गावभर शेतांत कळ्या धरल्या होत्या आणि हिच्या अंगणात झाडं नुसती उभी होती. बसा म्हणून कुणी म्हटलंच नाही अशी माणसं दारात ताटकळावीत, तशी. वारा नसतानाही पानावर पान घासल्याचा आवाज येई. तिला वाटे, ही आपल्याला काहीतरी विचारताहेत.

एका संध्याकाळी दिवा लावून ती वळली, आणि तिची नजर पाण्याच्या टाकीच्या सावलीवर गेली. सावली कोपऱ्यातल्या चार-पाच झाडांवर तिरकी पडली होती. त्या झाडांना कळ्या होत्या. जिथे सावली संपत होती तिथेच कळ्याही संपत होत्या.

सकाळी तिने उबाल्दाला हात धरून आणलं. उबाल्दाने कळ्यांवरून खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं.

"म्हणजे उजेडातल्यांना रात्रभर झोपच नाही. म्हणून फेरमीन मागे लावायचा."

"मला बोलला नाही कधी."

"दिवा काढ म्हणणं झालं असतं ते. कोण बोलणार तुला?"

तोमासाने झाडांवर पोती बांधून पाहिली. वाऱ्याने पोती फडकली आणि दोन झाडं बुंध्यात मोडली. मग ती दिवसभर तव्यापुढे बसली. तोर्तिया करपल्या. गिऱ्हाइकं तशाच घेऊन गेली. नवऱ्याला फुलं हवी असतील तर पोराचा दिवा मालवायचा. दिवा मालवायचा म्हणजे काय म्हणायचं, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं ते वाक्य तिने कुणाला उच्चारू दिलं नव्हतं, पाद्र्यालासुद्धा.

तिन्हीसांज झाली. ती उठली नाही. अंगण आपोआप काळवंडत गेलं, आणि कुणीतरी फाटकाशी येऊन, थबकून, परत वळलं असं तिला वाटलं. शाल ओढून ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. दिव्यामुळे तिला आजवर फाटकापर्यंतचंच दिसत होतं. आता डोळे सरावले तसा रस्ता दिसू लागला, निवडुंगाच्या कुंपणापासून पार वळणापर्यंत. रस्ता मोकळा होता.

त्यानंतर रोज ती दिवा न लावता तिथे उभी राही.

कळ्या धरल्या, पण उशिरा. अठ्ठावीस ऑक्टोबर उजाडला तेव्हा टाकीजवळची झाडं पुरती फुलली होती, बाकीची जेमतेम तोंड उघडत होती. उग्र, कडसर वास अंगणात कोंडला होता. अठ्ठावीस तारीख ही अपघातात, परमुलखात, अवेळी गेलेल्यांची. त्या घरांची दारं त्या दिवशी उघडी असतात. तोमासाच्या घरचं त्या दिवशी आजवर कधी उघडलं नव्हतं.

दुपारी उबाल्दा आली तेव्हा अंगणातलं प्रत्येक उमललेलं फूल खुडलेलं होतं, आणि तोमासा गुडघ्यांवर बसून रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची वाट घालत होती.

"कोमाद्रे, फेरमीन आज नाही गं येत. अजून चार दिवस आहेत."

"माहीत आहे."

उबाल्दाने खुडलेल्या झाडांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "सगळी तोडलीस? त्याच्यासाठी काय उरलं?"

"उमलेल तेवढं त्याचं. त्याला घर माहीत आहे. पोरगा गेला तेव्हा फाटक या बाजूला नव्हतं, ही भिंत नव्हती. त्याला सापडायचं नाही."

"आणि... जिवंत असला तर?"

"तर येऊन मला शिव्या देईल. जितेपणी माझी वाट घातलीस म्हणेल." तोमासाने हातातल्या फुलाचा देठ मोडला. "देऊ दे शिव्या."

उबाल्दाने चपला काढल्या, रस्त्यावर बाहेर जाऊन बसली आणि ओचा पुढे केला. "आण इकडे. वळणापासून घालू या."