मामांची शिडी

माझ्या बायकोच्या मामांइतका कमी वस्तूंचा आणि जास्त माणसांचा धनी अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. शिवाजी पेठेत, आमच्याच गल्लीत ते राहायचे. मामी गेल्यापासून एकटेच. जी वस्तू गल्लीत एका घरात आहे, ती दुसऱ्या घरात आणणं म्हणजे पहिल्या घराशी भांडण काढणं, असा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे मामांची डाळ आमच्या कुकरमध्ये शिजायची, शेंगदाण्याची चटणी समोरच्या वहिनींच्या मिक्सरमध्ये फिरायची आणि पेपर ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये, दाढी न करता, मोठ्यानं वाचायचे. गिऱ्हाईक वैतागायचं, पण बातमी संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा मी छोटा मिक्सर भेट म्हणून घेऊन गेलो, तर मला दारातच अडवलं. "पावणं, मी जड झालोय व्हय तुमास्नी? वहिनीकडं गेलो की पोरं भेटत्यात, तिच्या सासूच्या गुडघ्याचं कळतंय. हे डबडं काय सांगणार हाय मला?" मिक्सर मुकाट्यानं परत आणला.

गल्लीच्या उपयोगाची एकच वस्तू त्यांच्या मालकीची होती, ती म्हणजे शिडी. लाकडी आणि अशी वजनदार, की न्यायला दोघं लागायचे. ती मागायला गेलं की आधी बसायचं, चहा घ्यायचा, घरातल्या प्रत्येकाची खुशाली सांगायची, मग शिडीचा विषय. घाईत गेलेल्या माणसाचा बल्ब दुसऱ्या दिवशी लागायचा. परत करतानाही नुसती शिडी चालायची नाही. "एकटीच आली व्हय रं ही?" म्हणून विचारायचे. मग शिडीबरोबर कुणाकडून गरम भाकरी, तर रविवारी तांबड्या रश्श्याची वाटी यायची.

पुढं घरोघरी अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या आणि मामांच्या दारातली वर्दळ आटली. ते रोज शिडी पुसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी दाराबाहेर उभी करायचे. तशातच पुण्याहून त्यांचा मुलगा आला. "दादा, इथं तुम्हाला विचारतंय कोण? माझ्याबरोबर चला," म्हणाला. "सगळी गल्ली इचारतीया की," असं मामा म्हणाले खरं, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये हा माणूस महिनाभर तरी टिकेल का?

बातमी गल्लीत फिरली, पण काय करायचं ते कुणी कुणाशी ठरवलं नाही. रविवारी सकाळी मी आमची शिडी पलंगाखाली सरकवून मामांकडं शिडी मागायला गेलो, तर सलूनवाला गिऱ्हाईक तसंच फेसात सोडून माझ्याआधी हजर! मागोमाग वहिनी आल्या, दूधवाले अण्णा आले. "आधी मला द्या, स्वयंपाकघरात अंधार पडलाय माझ्या!" वहिनी लख्ख उन्हात ओरडत होत्या. "माझं माळ्यावरचं पातेलं जास्त महत्त्वाचं हाय," अण्णा हटेनात. मामांचा मुलगा हसून हसून बेजार झाला. तेवढ्यात त्याची नजर समोर गेली. वहिनींच्या ओसरीत त्यांची स्वतःची शिडी उन्हात चकाकत होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला.

त्याची गाडी वळल्यावर मामा मला म्हणाले, "तुमच्या समद्यांच्या घरात शिड्या हायत, ठाव हाय मला. पर मागाय आलासा. लई बरं वाटलं बघा."

गेल्या वर्षी मामा गेले. घर आवरताना खुर्ची आमची निघाली, भिंतीवरचं घड्याळ सलूनवाल्याचं, पातेली वहिनींची. ज्याचं त्याला दिल्यावर मामांचे चार कपडे आणि शिडी, एवढंच उरलं. मुलगा ती शिडी गाडीच्या टपावर बांधून घेऊन गेला. फ्लॅटमध्ये हिला ठेवणार कुठं, असं तेव्हा आम्हाला वाटलं होतं. रिकाम्या दारावरून जाताना अजून पाय अडखळतो माझा.

परवा त्याचा फोन आला. "समोरच्या फ्लॅटमधले शिडी मागायला आले होते. इतकी वर्षं लिफ्टमध्ये भेटतोय, नाव आज कळलं."

मी विचारलं, "चहा दिलास का?"

"दोनदा झाला," तो म्हणाला. "शिडी न्यायची तेवढी राहिली."