कांताबाईचं गाठोडं

“जे हाताले येत नाही, थे पाठीवर घ्या लागते,” असं कांताबाई एकदा म्हणाली होती. मागच्या वर्षी, नागपूरच्या वाटेवर, सुनेच्या फुगलेल्या सॅककडे बघत.

आर्णीजवळच्या आपल्या गावातून ती दरवर्षी दसऱ्याआधी पायी दीक्षाभूमीला निघते. सोबत एक जुनं पांढरं लुगडं, पाण्याला एक गडवा आणि फुटाण्यांची पुरचुंडी. साधनाला वाटायचं, सासू गरिबीच्या सवयीनं अशी जाते. सोबत चालल्यावर तो समज गळून पडला. तेच लुगडं दुपारी दोन बाभळींमध्ये सावली व्हायचं, ओढ्याचं पाणी गाळायचं, निजताना अर्धं खाली, अर्धं वर. गुरांच्या वाटा जिथं मिळतात तिथं पाणी, हे तिला लांबूनच दिसायचं. साधनाच्या टाचेला फोड आला, तर तिनं त्याच लुगड्याची चिंधी फाडून अशी बांधली की पायाला तिचा विसर पडावा. आणि तिची चाल! घाई नाही, रेंगाळणं नाही. जणू रस्ताच तिच्या पायांखालून सावकाश ओढला जातोय. 

यंदा कांताबाईच्या तपासणीत साखर निघाली. रवीनं आईला बसनं चल म्हणून विनवलं, मग चिडला, मग हरला आणि बॅग भरून आणली. छत्री, चादर, थर्मास, बिस्किटं, गोळ्या, वर घडीची खुर्ची.

“माहं रुखवत धाडून राह्यला काय रे?” म्हणत कांताबाईनं बॅग उलटी केली. गोळ्याही जमिनीवर पडल्या. रवी उठून ओट्यावर जाऊन बसला.

गोळ्यांविना गेली तर ती वाटेत कोसळेल. गेलीच नाही तर घरात बसल्या बसल्या विझेल. साधनाला दोन्ही दिसत होतं. ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, साखर काही तुमच्या हाताले येत नाही.”

कांताबाईनं वळून तिच्याकडे बघितलं. मग खाली वाकून तिनं गोळ्या उचलल्या. जेवणाआधीची कोणती, नंतरची कोणती, ते सुनेकडून ऐकून घेतलं, परत म्हणून दाखवलं. चक्कर आलीच तर म्हणून गुळाचा खडा मागून घेतला. बाकीचं पसरलेलं तसंच राहिलं.

उजाडता उजाडता रवी दारात उभा होता, आडवा. आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. तो बाजूला झाला. गाठोडं काखेत मारून ती बाहेर पडली.