पारूबाईच्या खाटा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. विहारात डोळे मिटून बसते, तिथेही मनातल्या मनात कधी म्हटलं नाही. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला सांगते. माझी शाळा चौथीपर्यंतची. चुकलं तर समजून घ्या – लिहिण्यातलं म्हणते, बाकीचं नाही.

नव्वद सालानंतरची गोष्ट. नगरच्या बाहेर एक धर्मादाय दवाखाना होता. मी आणि माझी धाकटी जाऊ गया तिथल्या स्वयंपाकघरात कामाला. पीठ गिरणीतून यायचं, पण डाळ भरडायला जातं होतं. आम्ही समोरासमोर बसायचो, एका खुंट्यावर दोघींचे हात. गया ओव्या म्हणायची. स्वतः रचायची. मला रचता येत नाही – कधी आलंच नाही. गळा बरा होता, एवढंच.

गयाची एकुलती एक मुलगी त्याच दवाखान्यात गेली. चार वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. तिचा फोटो नाही. शाळेच्या पटावर नाव लागायचं तिचं वयही नव्हतं. नाव राहिलं ते फक्त गयाच्या ओवीत. आमच्याकडे ओवीच्या दुसऱ्या ओळीत आपल्या माणसाचं नाव घालतात. भावाची ओवी असली तर ज्या त्या बाईने आपल्या भावाचं नाव घालावं, चालतं. मेलेल्या माणसाच्या ओवीतलं नाव मात्र कुणी काढत नाही.

हे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

त्या साली मुलांच्या वॉर्डासाठी दवाखान्याच्या मागच्या मैदानात गाण्यांचा कार्यक्रम ठरला. भिंगारची, नगरची गिटार वाजवणारी पोरं, त्यांचे तीन-चार बँड. इंग्रजी गाणी म्हणायचे. त्यांच्यातला मोठा विल्सन – केस मानेपर्यंत, बोलणं मात्र आपल्यातलं. मैदान बघायला आला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघराशी थांबला. गया त्या दिवशी राहात्याला माहेरी गेली होती. मी एकटीच जात्यावर होते, तिचीच ती लेकीची ओवी म्हणत होते. ती ओवी दळताना आपोआप तोंडात येते.

"मावशी, कुणाचं गाणं हे?"

"कुणाचं म्हंजी? माझंच."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. का म्हटलं? आयुष्यात मला कुणी असं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. हे कारण आहे. सबब नाही.

तो उंबऱ्यावरच बसला. म्हणाला, "आमच्या गाण्यात पन असंच असतंय. काळी मानसं हुती, गुलाम करून नेलेली. कापसाच्या रानात राबताना म्हनायची. एक ओळ दोनदा, मग पुढची. ब्लूज म्हनत्यात त्याला. तुमी आमच्यासंग म्हनता का?"

ब्लूज मला कळलं नाही. दुसऱ्याच्या रानात राबणं कळलं. मी हो म्हटलं.

गया आली तेव्हा तिला अर्धंच सांगितलं. म्हटलं, पोरांनी माझा गळा ऐकला, तुझी ओवी म्हणायला सांगितलीय. ती डाळ पाखडत होती. हात थांबला.

"म्हना की बाई. माझा गळा म्हंजी फुटकं मडकं." मग सूप पुन्हा हलवत म्हणाली, "तेवढं तिचं नाव घ्या."

"घेते की."

तो रविवार आता पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज, त्यावर सतरंज्या. कडुलिंबाला बांधलेले मोठे कर्णे. वॉर्डातली लेकरं आयांच्या मांडीवर व्हरांड्यात बसली होती, आणि गिटारचा आवाज पायाखालच्या मातीतून यायचा, पोटरीत शिरायचा. ड्रमच्या ठोक्याला चिमण्या उठायच्या, परत बसायच्या. ऊन उतरलं तशी धूळ सोनेरी झाली. त्या धुळीत माणसं हलत होती, त्यांचे पाय दिसत नव्हते – सगळं मैदान जमिनीपासून वीतभर वर तरंगत होतं. एक म्हातारा पेशंट काठी टाकून नाचला. मला वाटलं, आपण झोपेत आहोत, आणि झोपेत केलेलं कुणी मोजत नाही.

मला वर घेतलं. विल्सनने गिटारवर हळू सूर धरला, जातं फिरावं तसा, गोल. समोर मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. गयाची मुलगी त्यांच्याच हातात गेली होती. मी तिचं नाव घेतलं असतं तर त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं, ही ओवी पारूची नाही. बाजूला कडुलिंबाखाली गया चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे वाटत नव्हती. नुसती उभी होती.

मी म्हटलं –

दवाखान्याची ही खाट, तिचे लई उंच पाय
दवाखान्याची ही खाट, तिचे लई उंच पाय
माझी लेक गं म्हनती, खाली उतरव गं माय

माझी लेक. दोनच शब्द, आणि ते मूल पुसलं गेलं.

मग टाळ्या. विल्सन माइकवर म्हणाला, मावशींनी हे आपल्या लेकीसाठी रचलंय. माइक माझ्या तोंडापुढेच होता. बोलायला किती वेळ लागला असता? मी पदर डोळ्याला लावला. बायका पुढे आल्या, हात धरून रडल्या. मी रडू दिलं. माझी लेक तेव्हा श्रीरामपूरला सासरी धडधाकट नांदत होती.

कडुलिंबाकडे पाहिलं तेव्हा गया ट्रे घेऊन लोकांत फिरत होती. माझ्यापर्यंत आली. एक कप पुढे केला.

"घ्या बाई. घसा सुकला आसंल."

दुसऱ्या दिवशी जात्यावर बसलो. मी म्हटलं, "म्हन की गं." ती म्हणाली, "गळा बसलाय." तो पुढे कधी उठला नाही. जातं नुसतं घरघरत राहिलं. पुढे दवाखान्यात डाळ तयार येऊ लागली, तेव्हा मला बरं वाटलं – खोटं कशाला बोलू.

आणि एक झालं. डॉक्टरांनी ती ओवी मनावर घेतली. त्या कार्यक्रमाच्या मदतीतून वॉर्डातल्या खाटांचे पाय कापून आखूड केले. लेकरं आपली आपण उतरायला लागली, आया खाली बसून त्यांना थोपटू लागल्या. सिस्टर लोकांनी त्यांना नाव दिलं, पारूबाईच्या खाटा. नवीन आलेल्या नर्सही तसंच म्हणायच्या. गया त्या खाटांखालून रोज फडकं मारायची. "पारूबाईच्या चार नंबरवर दूध द्या," असं कुणी ओरडलं की ती उठून दूध देऊन यायची.

तिने मला कधी विचारलं नाही. मीही कधी तोंड उघडलं नाही. वरीसभर तिचं दुखणं काढलं मी, तिला न्हाऊ घातलं, तेव्हाही नाही. एकदा ती ग्लानीत असताना वाटलं, आता तिच्या कानात नाव घ्यावं. ओठ हलवले. आवाज काढला नाही – जागी झाली तर काय, म्हणून. ती गेली.

आता ती ओवी फक्त मला येते. गळा गेला आहे, पण लिहिता येतं.

दवाखान्याची ही खाट, तिचे लई उंच पाय
माझी रंजना म्हनती, खाली उतरव गं माय

रंजना. गयाची रंजना. त्या खाटा तिच्या आहेत.