डोंगराचं सूप

सव्वीस वर्षं मी एक पंखा काढत आलोय. खडूनं, फळ्यावर, नववीच्या वर्गात. वर डोंगराचा त्रिकोण, त्यातून उतरणारी ओढ्याची नागमोडी रेघ, आणि ती सपाटीला टेकली की तिच्या टोकाशी पसरत जाणारा अर्धगोल. खाली ठळक अक्षरांत : पंखाकृती गाळाचे मैदान. शाळेच्या गॅदरिंगची नाटकंही मीच बसवतो, त्यामुळे हा धडा मी साभिनय शिकवतो. ओढा डोंगरातून धावत येतो (मी टेबलापासून दारापर्यंत धावतो), उतार संपतो, त्याला दम लागतो (मी दाराशी धापा टाकतो) आणि हातातलं ओझं तो तिथंच टाकून देतो (मी डस्टर टाकतो). दरवर्षी टाळ्या पडतात. गेल्या वर्षी टाळ्या थांबल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही खरा पाहिलाय का?"

पाहिला नव्हता.

मग संध्याकाळी उपग्रहाच्या नकाशांवर शोधाशोध सुरू झाली आणि एके दिवशी बालाघाटाच्या एका सोंडेखाली, नेकनूरच्या पुढे, मला तो दिसला. फिकट, त्रिकोणी, टोक डोंगराकडे. "मे महिन्यात बीडला? पंखा बघायला?" बायको म्हणाली. "घरातलाच बघ ना. पुसायचाही राहिलाय."

पुण्याहून रात्रभर बसमध्ये हिंदकळत मी बीडला पोचलो आणि तिथून दुसऱ्या बसनं नेकनूरला. नऊ वाजले होते, तरी ऊन असं होतं की स्टँडवरच्या कुत्र्यानंही माझ्याकडे बघायचे कष्ट घेतले नाहीत. चहाच्या टपरीवर बसलो आणि मालकाला पुण्याच्या शुद्ध मराठीत विचारलं, "इकडे डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा पंखा आहे. तिथे कसं जायचं?"

"पायथ्याला न्हाई, वर हाय," तो म्हणाला. "आन् एक न्हाई, लई हायेत. कोन्चा पायजे?"

माझा आनंद काय वर्णावा! लई हायेत! मी म्हणालो, सगळ्यात मोठा. मालकानं शेजारी बशीत चहा ओतणाऱ्या खाकी शर्टातल्या माणसाला हाक मारली, "भानुदास, ने की बे सायबाला तुझ्या पंख्यावर!"

'तुझ्या पंख्यावर' हे शब्द ऐकून तरी मला कळायला हवं होतं. मी भानुदासच्या मोटारसायकलवर मागे बसलो, बॅग पोटाशी धरली, आणि अर्धा तास कच्च्या रस्त्यानं, हाडांची जागा बदलून घेत, थेट डोंगरमाथ्यावर गेलो. तिथं भानुदासनं गाडी थांबवली, मान वर केली आणि एखाद्या नवऱ्या मुलाची ओळख करून द्यावी तसं म्हणाला, "ह्यो आमचा पंखा."

पवनचक्की होती. पांढरी, अजस्र, तीन पात्यांची. सगळ्या माथ्यावर तशाच उभ्या होत्या. भानुदास त्यांच्यापैकी एकीचा वॉचमन होता. मी दगडावर बसून इतका हसलो की त्याला वाटलं, सायबाला ऊन लागलं.

"हसता कावून (का)?" तो म्हणाला. "बंद हाय म्हनून? वारं सुटलं की फिरतोय."

मी डोळे पुसत मान वळवली आणि हसू जागच्या जागी थांबलं. कारण खाली, तुटलेल्या कड्याच्या पायाशी, तो होता. माझा पंखा. ओढ्याची घळ जिथं संपत होती तिथून निमुळता सुरू झालेला आणि खाली रुंद होत गेलेला, डोंगराजवळ दगडांनी करडा, मग तपकिरी आणि शेवटी कडेला शेतांच्या काळ्या पट्टीला टेकलेला. फळ्यावर मी तो काढतो त्याहून खूप मोठा, आणि थोडा वाकडा. चुकीच्या पंख्यावर चढलो म्हणूनच बरोबरचा दिसला. पायथ्याशी गेलो असतो तर नुसत्या दगडांवरून ठेचकाळत फिरलो असतो.

भानुदासला मी तो बोटानं दाखवला. त्यानं डोळ्यांवर हाताची सावली धरली. "ते व्हय?" तो म्हणाला. "ते तर आमचं रान हाय."

आणि मग, वेगळ्याच आवाजात : "सायब, तुमाला दगडातलं कळतं का?"

इथं मी एक चूक केली. मी भुवया उंचावल्या, कड्याकडे हात केला आणि सुरू झालो. हा सगळा डोंगर म्हणजे लाव्हा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, थरावर थर. कड्यातला तो लाल पट्टा दिसतो? एका लाव्ह्यावर माती धरली, मग वरून दुसरा लाव्हा आला, त्यानं ती विटेसारखी भाजून काढली. भानुदास हरखून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मंग आमच्या वैनीला तेवढं सांगा. तुमचं आयकंल ती."

उतरताना त्यानं मला सगळं सांगितलं. रान दोघा भावांचं. थोरला ट्रकवर, महिनोन् महिने बाहेर. घर, शेत आणि चाळीस मेंढरं वहिनी बघते, तिचं नाव गयाबाई. बऱ्याच खटपटीनंतर सरकारी योजनेतून एक विहीर मंजूर झाली होती. एकच. परवा पोकलेन मशीन येणार. भानुदासचं म्हणणं होतं, विहीर वर, डोंगराच्या तोंडाशी पाडायची, कारण ओढा तिथंच येतो. त्याच्या वडिलांनीही तिथंच पाडली होती. गयाबाईचं म्हणणं होतं, तिथं नको, थोडी खाली. थोरला फोनवर एवढंच म्हणायचा, भानुदास म्हणेल तसं करा.

"आन् पानी न्हाई लागलं तर?" मी विचारलं. माझी भाषा एव्हाना घसरायला लागली होती.

"तर मेंढरं इकायची. व्यापारी बघून गेलाय."

खाली पोचेपर्यंत माझ्या उजव्या बुटाचा तळ उन्हानं सुटला आणि चालताना टाळ्या वाजवायला लागला. भानुदासनं तो सुतळीनं बांधला. अशा रीतीनं, एका पायात बूट आणि एका पायात पार्सल घेऊन, मी आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या पंख्यावर पाऊल ठेवलं.

जुनी विहीर वरच्या टोकाला होती. मी आत एक खडा टाकला. टक्. कोरडा आवाज. तिच्या कडा मात्र बघण्यासारख्या होत्या. डोक्याएवढे, मुठीएवढे, पेरूएवढे काळे गोटे, कुठं कुठं पांढऱ्या चुन्यानं एकमेकांना धरून बसलेले, जशी दगडांची चिक्की. काही गोट्यांना बारीक भोकं, त्यांत पांढरे दाणे भरलेले. ते बुडबुडे लाव्हा उकळत असतानाचे. विहिरी खोदणारे त्या दगडाला मांजऱ्या म्हणतात, आणि पुस्तकातल्या नावापेक्षा मला हेच आवडतं. लाव्हा एकदा थिजला, मग फुटला, मग पुरात गडगडत इथवर आला आणि पुन्हा एकदा खडक व्हायला निघाला. मी हात लावला. सव्वीस वर्षं डस्टर टाकत होतो, ते हे.

"पावसाळ्यात काठोकाठ भरती," भानुदास म्हणाला. "दिवाळीला बघावं तर न्हाई."

"पंखेवाले आले का?"

मागून आवाज आला. डोक्यावर पदर, हातात काठी, पन्नाशीची बाई. ही गयाबाई. "सांगून ठेवते, माज्या रानात पंखा लावायचा न्हाई."

"वैनी, ह्ये ते न्हाईत. ह्ये दगडवाले सायब हायेत. म्हनतेत हीर (विहीर) वरच पाडा."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. पण गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सुतळी बांधलेल्या बुटाकडे, आणि म्हणाल्या, "आधी जेवा. मंग पाडा."

त्यांच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली बाजरीची भाकरी, येसर (भाजक्या धान्याचा आणि मसाल्याचा केलेला कूट) घालून केलेली झणझणीत आमटी आणि फोडलेला कांदा आला. मी तीन भाकरी खाल्ल्या. चौथीच्या वेळी गयाबाई म्हणाल्या, "पोटावरनं तरी मोठे सायब दिसता."

जेवणानंतर भानुदास मला ओढतच रानात घेऊन गेला. मागे गयाबाई. आणि खोटं का बोलू, त्या क्षणी माझ्यातला नट जागा झाला. मी एक गोटा उचलून कानाशी धरला, दुसऱ्यावर टिचकी मारली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. भानुदास श्वास रोखून उभा होता. पुस्तकातलं उत्तर मला येत होतं : वर पाणी मुरतं, खाली निघतं. हात उंच करून ते जाहीर करायचं एवढंच बाकी होतं.

"आन् तुमचं चुकलं तर?" गयाबाईंनी हळूच विचारलं.

मी डोळे उघडले. खाली, पंख्याच्या कडेच्या जरा अलीकडे, त्यांची मेंढरं उन्हात एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून बसली होती. चाळीस. माझं चुकलं तर मी पुण्याला जाऊन हा किस्सा रंगवून सांगणार होतो. मेंढरं मात्र इथून जाणार होती.

"बाई," मी म्हणालो, "मी साहेब नाही. शाळेत भूगोल शिकवतो. असं रान आज पहिल्यांदा पाहतोय."

भानुदासचा चेहरा असा पडला की मला त्याचीच दया आली. "मास्तर?" तो म्हणाला. "आन् मी तुमाला पंख्यावर नेलतं!"

गयाबाई मात्र हसल्या. पहिल्यांदाच. "मास्तर हायेत तर बरंय. इचारलेलं सांगतील. सांगा, ह्या रानाला तुमच्यात काय म्हनतेत?"

"पंखा."

"आमच्यात सूप म्हनतेत. सुपाचं रान."

"का?"

"का म्हंजे? डोंगर पाखडतोय की!" त्या इतक्या सहज म्हणाल्या, जसं काही हे कोणालाही दिसावं. "जड ते त्येच्याजवळ ऱ्हातं, हलकं ते फुडं येतं. सासूबाई सांगायच्या."

मी तिथंच, तापलेल्या दगडांत, उभा राहिलो. पंखा मी फक्त आकारासाठी म्हणत होतो. पंखा काही निवडत नाही. सूप निवडतं. माझ्या सव्वीस वर्षांच्या धड्यात ओढा दमून ओझं टाकायचा, एवढंच. पण तो नुसतं टाकत नव्हता, तो पाखडत होता. गोटे वर, वाळू मध्ये, गाळ खालच्या काठाशी.

"सूप आहे घरात?" मी विचारलं.

शेणानं सारवलेलं जुनं सूप आलं. गयाबाईंनी त्यात ओढ्यातले खडे, वाळू आणि खालच्या शेतातली काळी माती एकत्र घेतली आणि मनगटाच्या चार झटक्यांत रानाचा नकाशा तयार केला. खडे मागे, माती पुढच्या काठाशी. मी सूप तिरकं धरलं. त्यांनी तांब्यातलं पाणी मागच्या खड्यांवर ओतलं. पाणी दिसेनासं झालं. भानुदास वाकला. आम्ही तिघंही वाकलो. मग जिथं वाळू संपून माती सुरू होत होती, तिथं आधी एक काळा ओला वळ उमटला आणि मग थेंब वर आले.

"मातीनं आडवलं," भानुदास पुटपुटला.

"वर गोट्यात पानी ठरत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "पार खाली नुस्ती चिकन माती, त्यात सुटत न्हाई. मदी पायजे. लई दिसापासनं सांगतीय. मेंढरं कुठं बसलीत बघ. दुपारचं रोज तिथंच बसतेत. भुई गार लागती त्यास्नी."

भानुदासनं मेंढरांकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, वर जुन्या विहिरीकडे पाहिलं. तिथं बघताना त्याला जास्त वेळ लागला. वडिलांनी पाडलेली होती ती.

"दादाला काय सांगू?" तो म्हणाला.

"सांग, पुन्याच्या मास्तरनं सांगितलं."

"मास्तर तर म्हनले, त्यास्नी ठाव न्हाई!"

"मंग सांग, सुपानं सांगितलं," गयाबाई म्हणाल्या आणि मेंढरांना उठवायला निघाल्या. मेंढरं उठायला तयार नव्हती. शेवटी तिघांनी मिळून हाकलली आणि त्या जागी भानुदासनंच राखेनं गोल आखला. गयाबाईंनी मधोमध एक मांजऱ्या गोटा ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. मला वाकून नमस्कार करायला सांगितलं, तो मी केला. बुटाची सुतळी तेव्हाच सुटली.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून पवनचक्क्या दिसत होत्या. वारं सुटलं होतं आणि सगळे पंखे फिरत होते. मला मात्र झोप नव्हती. गोष्ट माझ्या हातातून सुटून मातीच्या हाती गेली होती, आणि तिचा शेवट मला रचता येणार नव्हता. मुलीच्या प्रश्नाला आता उत्तर होतं, पण ते 'हो, पाहिला' इतकं सोपं राहिलं नव्हतं. मी पाहायला गेलो होतो. तिथं राहणाऱ्यांना ते केव्हाचं कळलेलं होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं, आणि घरातल्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

भानुदासचा फोन शाळा उघडल्यावर आला. तास चालू होता. नियम मोडून मी तो उचलला.

"सहा परसावर (सहा पुरुष खोल) गोटे लागलेत, मास्तर. वले."

"ओले म्हणजे? पाणी?"

"वैनी म्हनती, मास्तरला सांगू नको. आयकू दे." मग नुसती खरखर. मग दुरून गयाबाईंचा आवाज, "टाक की!"

मी फोन वर्गाच्या दिशेनं धरला. साठ पोरं गप्प झाली. फळ्यावर माझा अर्धवट काढलेला अर्धगोल होता.

डुबुक्.